मागावरचं नाव

१४ सप्टेंबर १९७३, शुक्रवार

माझी पेटी कुणीतरी उघडली!

कुलूप जागच्या जागी. पण ते कुलूप कसलं, खिळ्यानेसुद्धा उघडतं. आतला पांढरा शर्ट मी बाह्या आत दुमडून ठेवतो, आईने लावलेली सवय. आज बाह्या बाहेर. शर्टाखाली सायबिणीचं, म्हणजे मारियामातेचं पदक असतं, काळ्या दोऱ्यातलं. ते आहे. गेलेलं काहीच नाही. पण ही वही उलटी ठेवलेली — पाठीवरच्या नकाशाची बाजू वर. मी तशी कधीच ठेवत नाही.

म्हणजे वाचली. आणि वाचली असेल तर मी गेलो. इथे सगळ्यांना मी रघू. वहीच्या पहिल्याच पानावर मात्र माझ्या हाताने लिहिलंय — इनास, राहणार वसई. वर क्रूस काढलाय. कुठल्या तोऱ्यात काढला होता कोण जाणे.

खोलीत आम्ही दोघंच. मी आणि मोरू. दोघं मागांच्या एकाच शेडवर बदली कामगार. खोली गुणाबाईची, पुढच्या पडवीत तिची खानावळ. पण गुणाबाई पेटी उघडणार नाही. तिला जे विचारायचं ते ती तोंडावर विचारते. आजच विचारलं.

भिवंडीत मागांना सुट्टी शुक्रवारी, म्हणून मटणही शुक्रवारीच. आणि आमच्या घरी शुक्रवारी मटण शिवत नाहीत. आख्ख्या कामतघर वस्तीत ही अडचण माझ्या एकट्याच्या पोटाची! मी म्हटलं, पोट बिघडलंय, नुसता भात द्या.

"दर शुक्रवारीच कसं बिघडतं रं? तुज्या पोटाला क्यालेंडर लावलाय का?"

पंगत हसली. मोरू हसला नाही. घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.


१५ सप्टेंबर

वहीची जागा बदलली. आता वाशाच्या खाचेत. तिथे आधीच एक पाल राहते. तिला वाचता येत नाही, एवढं बरं.


१६ सप्टेंबर, रविवार

रविवारी इथे ड्युटी. नवाच्या सुमाराला मागांच्या खडखडाटात उभा होतो आणि मनात गावच्या चर्चमधली बाकं. आई तिसऱ्या बाकावर. शेजारची जागा माझी. तिथे आता कोण बसतं?

रघू कसा झालो ते लिहून ठेवतो, नाहीतर एक दिवस मलाच खरं वाटेल.

जुलैत कल्याणला एका बाईने खोली दाखवली. नळ दाखवला, मोरी दाखवली, तांब्याभर पाणी दिलं. मग नाव विचारलं. इनास म्हटल्यावर म्हणाली, "खोली द्यायचीच नाहीये आम्हाला." तांब्या माझ्यादेखत राखेत टाकला. इथे भिवंडीत तर तीन वर्षांपूर्वीच्या दंगलीपासून माणसाला आधी नाव विचारतात, पाणी नंतर. म्हणून गुणाबाईने विचारलं तेव्हा तोंडातून रघू निघालं. रघू म्हणजे मी सर्कशीत तंबू ओढायला होतो तेव्हाचा हत्तीवाला. भला माणूस. हत्ती मात्र डांबरट, लोकांच्या टोप्या पळवायचा. एकदा एका फौजदाराची — जाऊ दे, हत्तीचं राहू दे.

एका दिवसापुरतं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो. दोन महिने झाले, तो दुसरा दिवस उजाडलेला नाही.


१७ सप्टेंबर

मोरू पेपर वाचत बसतो. अर्धा तास एकच पान. माणूस वाचत असेल तर डोळे हलतील, पान उलटेल! पेपरच्या आडून माझ्यावर नजर ठेवतो, दुसरं काय.


१९ सप्टेंबर, बुधवार

केसरीनाथने आज मला बाजूला घेतलं. तो आमचा जॉबर. बिघडलेला माग तोच दुरुस्त करतो आणि कुणी कुठल्या मागावर उभं राहायचं तेही तोच ठरवतो. आम्ही बदलीवाले. जो आला नाही त्याच्या मागावर उभं राहायचं. आज इकडे, उद्या तिकडे, परवा घरी.

"रघू, तुझा हात बसलाय. धागा तुटला की लगेच थांबवतोस, लपवत नाहीस. दसऱ्यापासून सात-आठची जोडी तुझी."

दोन माग, माझे! पावाची भट्टी, मिठागर, होडी, सर्कस — मी कुठेच तीन महिन्यांच्या वर टिकलो नाही. कुणी टिक म्हटलंही नाही. मला नाचावंसं वाटलं.

मग म्हणाला, "दसऱ्याला आपापल्या जोडीची पूजा ज्याची त्याने करायची. हार, नारळ तुझा. आणि काय रे, तुझ्या गावचा देव कुठला?"

मी म्हटलं, "हाय एक. डोंगरावरचा."

"नाव असेल ना त्याला?"

"डोंगऱ्या."

"कधी ऐकला नाही बुवा," म्हणाला आणि हसला.

का हसला? सरळ विचारलं की काढून घेत होता? मोरू माझ्या आधीपासून बदली आहे. जोडी त्याला मिळायला हवी होती. त्यानेच कान भरले असणार. म्हणजे दसऱ्याला सगळे मला पूजेला उभं करून तोंड बघणार!


२२ सप्टेंबर, शनिवार

ताट पुढे आलं की माझा उजवा हात आपोआप कपाळाकडे जातो. बावीस वर्षांची सवय, तिला रघू-बिघू कळत नाही. कपाळाला बोट लागलं की मला आठवतं, आणि मग तिथेच खाजवत बसतो. रोज दोन वेळा.

आज गुणाबाई भाकरी वाढता वाढता थांबली. "ह्याला ताट बगितलं की खाज सुटते. उवा हायत का रं डोक्यात?" आत गेली, करंजेलाची बाटली आणून ताटाशेजारी ठेवली. "लाव. न्हायतर माज्या कालवनात पडतील."

पंगतीसमोर लावलं. डोळ्यांत गेलं. दुपारी शेडमध्ये जुने कारागीर रसूलचाचा नाक धरून म्हणाले, "कौन मरा है इधर?"

क्रूसाची खूण करायची छाती नाही, म्हणून डोक्याला करंजेल! आई, बघ गं तुझा मुलगा.


२५ सप्टेंबर, मंगळवार

आज पक्कं झालं. मोरू कुणाला तरी बातम्या पुरवतो.

डोंगराकडच्या आदिवासी बायका लाकडांच्या मोळ्या घेऊन येतात. त्यातली एक सरू, चाळिशी उलटलेली, आमच्या शेडमागच्या भिंतीशी दम खायला बसते. बायका रस्त्याला दिसल्या की मोरू गायब होतो, हे मी कधीचं हेरून ठेवलंय. आज मी मागोमाग गेलो. तर हा भिंतीआड तिच्यासमोर उकिडवा! आपल्या डब्यातली भाकरी तिला दिलेली, आणि खालच्या आवाजात बोलतोय. एक शब्द कळेल तर शपथ. मला बघितल्यावर ताडकन उठला.

"काय रं?"

"तूच सांग काय ते."

"लाकडं इचारत होतो. गुणाबाईसाटी."

गुणाबाईची लाकडं खारबावहून बैलगाडीने येतात! आणखी एक — मला तो पडघ्याकडचा कुणबी म्हणून सांगतो. केसरीनाथला एकदा टेमघर म्हणाला होता. एका माणसाला गावं किती?

मीही तीन सांगितलीत. पण माझं वेगळं.

ती सरू रोज वीस दारं फिरते. वीस दारी माझं नाव जाईल.


२६ सप्टेंबर

डोकं दुखतंय. करंजेलाने असेल.


२८ सप्टेंबर, शुक्रवार

काल घट बसले. गुणाबाईचे नऊ दिवस उपास, खानावळीत मटण बंद. नऊ दिवस माझं पोट एकदम ठणठणीत! मीच तिला म्हटलं, "बघा, बरं वाटतंय." ती म्हणाली, "देवीची कृपा." मी मान डोलावली. कुणाकुणाच्या कृपेला मान डोलावतोय मी.

आईचं पत्र आलं. मी तिला लिहिलं होतं की इथे माझा रघू नावाचा मित्र आहे, पत्र त्याच्या नावावर पाठव. ती लिहिते (लिहिते म्हणजे चुलतबहिणीकडून लिहून घेते) — "तुझ्या रघूला माझा आशीर्वाद सांग. परक्या गावात तुला सांभाळतो, त्याचं भलं होवो. मी रोज संध्याकाळी तुझ्याबरोबर त्याच्यासाठीही प्रार्थना करते. त्याला आई आहे का? नाताळला घेऊन ये. तू रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातोस ना?"

तीनदा वाचलं. रघूसाठी प्रार्थना करते! ह्या रघूने तिच्या मुलाला पेटीत कोंबून वर शर्ट ठेवलाय, आणि ती त्याचं भलं मागते.

उत्तर लिहायला बसलो. "जातो" लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. टाकलं नाही अजून.


१ ऑक्टोबर, सोमवार

मोरूने आज सकाळी दात घासता घासता विचारलं, "जेवायच्या आदी मनात काय बोलतोस?"

"कोण? मी? काय नाय."

"व्हट हलतात तुजे."

माझ्या हातातली राखुंडी सांडली. मी विचारलं, "तुला काय करायचंय?"

"न्हाय. आसंच," म्हणाला. मग बराच वेळ तोंडात पाणी धरून उभा राहिला, जणू अजून काही बोलायचंय. मी निघून आलो. असल्या माणसांना बोलायला जागा द्यायची नसते. एक शब्द दिला की दहा काढतात.

दसऱ्याला पाच दिवस. पळून जावं का? पनवेलला वीटभट्ट्या आहेत म्हणतात. पण तिथेही नाव विचारतीलच.


३ ऑक्टोबर

धागा पाच वेळा तुटला. केसरीनाथ म्हणाला, "लक्ष कुठाय नवऱ्या मुला?"


५ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी असून सगळे शेडवर. उद्या दसरा, म्हणून माग धुवायचे. घासलेटने तेलाचा चिकटा काढला. धोटे पुसून ओळीने मांडले. मला हे काम आवडलं. आत बसलेला कापसाचा भुगा फुंकून काढला की माग न्हाऊन आलेल्या म्हशीसारखा चकाकतो.

इथली रीत अशी — प्रत्येक मागाच्या पुढच्या पायावर तो चालवणाऱ्याचं नाव खडूने लिहिलेलं असतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जुनं नाव पुसायचं, दसऱ्याला पूजा झाली की नवं लिहायचं. मग वर्षभर त्याला कुणी हात लावत नाही. नाव ज्याचं, जोडी त्याची. रसूलचाचांचं अकरा वर्षं एकाच जागी आहे, उर्दूत. ते पूजा करत नाहीत, पण नाव दसऱ्यालाच नवं करतात.

सातच्या पायावरचं नाव मी पुसलं. कुणी नसताना तिथे खडूने लिहून बघितलं, रघू. अक्षर चांगलं आलं. शाळेत फादर म्हणायचे, इनासचं डोकं रिकामं पण अक्षर मोत्यासारखं. मग थुंकी लावून पुसलं. मागे वळून बघतो तर दारात मोरू.

"सोभतंय," म्हणाला.

टोमणाच होता.


६ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सगळे धुतल्या कपड्यांत. मागांना झेंडूच्या माळा. मी पांढरा शर्ट घातला, तोच, पेटीतला. केसरीनाथने थाळी हातात दिली. हळद, कुंकू, अक्षता, नारळ.

पूजेआधी रसूलचाचा आणि बाकीचे मुसलमान कारागीर उठून बाहेर कापडाच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसले. दर दसऱ्याला बसतात म्हणे. केसरीनाथ आतून ओरडला, "चाचा, पेढा लेके जाना, भागना मत!"

"अरे पहले अपने भगवान को तो खिला," चाचा बिडी पेटवत म्हणाले, "हम कहाँ भागेंगे, बुढ़ापे में!"

सगळे हसले. मी थाळी घेऊन उभा आणि मला चाचांचा असा हेवा वाटला की काय सांगू! ते चार पावलं बाजूला जाऊन आरामात बिडी ओढू शकतात, कारण ते कोण आहेत हे सगळ्यांना ठाऊक. मला बाजूला होता येत नाही. रघूला कसलं कारण आहे बाजूला व्हायला?

कुंकवात बोट बुडवलं. बोट मागापर्यंत नेलं. आतला रघू म्हणाला, लोखंड तर आहे, लाव आणि मोकळा हो, जोडी तुझी. मी वाट बघत होतो की इनास काहीतरी बोलेल. तो बोललाच नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो. इतक्या दिवसांत तो गेला की काय, कायमचाच!

थाळी खाली ठेवली.

"काय झालं रे? काडेपेटी पाहिजे?" केसरीनाथ म्हणाला.

"मी किरिस्ताव हाय. माझं नाव इनास. रघू न्हाय."

कुणीतरी घंटी वाजवत होतं, ते थांबलं. केसरीनाथने माझ्याकडे, माझ्या लाल बोटाकडे बघितलं.

"मग हे आज सांगतोस? थाळी हातात घेतल्यावर?"

"खोली मिळाली नसती."

"अरे, रसूलचाचाला कोणी कधी पूजेला बसवलंय का? तुला बसवलं असतं? सांगायचं होतंस, बसला असतास बाहेर गठ्ठ्यावर!" त्याचा आवाज चढला. "मला किरिस्तावाचं वावडं नाही. माझ्या आईचे डोळे शेवटी किरिस्ताव नर्सनेच मिटले. पण तीन महिने मी रघू म्हणून हाक मारतो आणि तू ओ देतोस! म्हटलं हा पोरगा तुटलेला धागा लपवत नाही. माझं मेल्याचं चुकलं."

खरं होतं.

"मोरू, ये. जोडी तुझी."

मोरू पुढे आला. माझ्याकडे बघितलंही नाही. नारळ एका फटक्यात फुटला. नाव लिही म्हणाले तर "मागून लिवतो" म्हणाला. घाई कशाला, नाही का? आता वर्ष पडलंय!

मी गठ्ठ्यांवर जाऊन बसलो. चाचा सरकले. पेढा अर्धा करून दिला. म्हणाले, "नाम क्या बोला तूने?" मी सांगितलं. "अच्छा है. पहले बोलता तो मैं बिडी पिलाता."


७ ऑक्टोबर, रविवार

काल दुपारचं राहिलं. गुणाबाईला माझ्या आधी बातमी पोचली होती. ताट आदळलं पुढ्यात. मी बसलो. हात कपाळाला गेला. या वेळी खाजवलं नाही. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. सगळी पंगत चावायची थांबली.

"म्हंजे उवा नव्हत्या," गुणाबाई म्हणाली.

"नव्हत्या."

"माजं करंजेल फुकट घालवलंस." डाळ वाढता वाढता — "काय म्हनं नाव?"

"इनास."

"आयनं ठेवलं?"

"आजीनं."

"आजीनं ठेवलेलं नाव पेटीत घालून माज्या हातचं जेवलास तीन म्हैने."

पेटीत! हिला पेटीचं कसं माहीत? की बोलायची रीत? विचारलं नाही. खोली सोड म्हणाली नाही. राहा असंही म्हणाली नाही. वाढताना मात्र भात कमी केला नाही.

शेडवर कामाला गेलो, पुन्हा बदली. सात-आठवर मोरू. पायावर नाव अजून नाही, जागा कोरी. मुद्दाम ठेवलीय तशी, मला चिडवायला. पेटी त्याने उघडली, वही त्याने वाचली, माझ्यावर डोळा त्याने ठेवला, आणि शेवटी जोडी त्यालाच. ह्याला म्हणतात डाव! त्याच्याशी बोलायचं नाही. एका खोलीत राहून बोलायचं नाही, बघू कोण दमतं.

आईला नवं पत्र लिहिलं. रघू गाव सोडून गेला म्हणून कळवलं. पत्ता माझ्या नावाचा दिला.


८ ऑक्टोबर, सोमवार

पाळी सुरू व्हायच्या आधी मोरूने मला सातच्या मागाशी नेलं. हातात खडू.

"लिव. मला अक्षर येत न्हाय. पेटी मीच उगडली. तुजं ते खाजवनं खोटं हाय, मला पयल्याच दिवशी कळलं. वाटलं, हा बी माज्यावानीच कोनतरी."

मी खाली बसलो. "मो" लिहिलं. त्याने तळव्याने पुसून टाकलं.

"ते न्हाय. ती मोळीवाली सरू हाय ना, ती माजी आय. तिनं ठेवलेलं लिव. जिव्या."

म्हटलं, केसरीनाथ जोडी काढून घेईल.

"घिऊ दे."

मी लिहिलं. जमेल तेवढ्या चांगल्या अक्षरात. तो त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवत राहिला, न टेकवता.

"येवढंच?" म्हणाला.